चार गिअरची बुलेट नासवणारे हात

चार गिअरच्या जुन्या बुलेटचा बॉक्स उतरवायचा, नंतरच्या पिढीतला पाच गिअरचा बॉक्स त्या जागी चढवायचा, फ्रेमला दोन ठिकाणी वेल्डिंग मारायचं, टाकीवर सोनेरी रेघा ओढायच्या आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणायचं, "घ्या साहेब, रिस्टोअर झाली!" पुण्या-मुंबईत हा धंदा जोरात आहे आणि आता तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. याला रिस्टोरेशन म्हणणं ही उघड फसवणूक आहे. 'संपला' म्हणून काढून टाकलेला बॉक्स बहुतेक वेळा संपलेला नसतोच. त्याला नीट हात लावणारा माणूस त्या गॅरेजात नसतो, आणि ही उणीव झाकायला मालकाच्या खिशातून नवा बॉक्स येतो. ज्याला जुळवता येत नाही तो बदलतो. वर्षानुवर्षं हे पाहत आलो आहे, आणि आता त्यावर गप्प बसणं मला मंजूर नाही.

हा रोग बुलेटलाच एवढा का जडला, ते आधी समजून घ्यायला हवं. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने १९४९ साली बाजारात आणलेली ही गाडी पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने निवडली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, तरी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरहून तीच गाडी निघत राहिली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. आल्बियन धाटणीचा चार गिअरचा बॉक्स, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. ही मांडणी जवळजवळ अर्धशतक टिकली. त्यामुळे वडिलांच्या जुन्या गाडीला मुलगा वीस-पंचवीस वर्षांनी नवी चेन आणायचा आणि ती चढायची. क्लचच्या प्लेटा आणायचा, त्या आत जायच्या. यातूनच एक समज पक्का झाला की बुलेटचं काहीही बुलेटला लागतं.

हा समज अर्धवट आहे, म्हणून जास्त घातक आहे. बाहेरून गाडी तीच दिसली तरी आत बारीकसारीक बदल होत राहिले. रेडिचच्या काळातल्या गाड्यांचे आटे इंचाच्या मापाचे; पुढे भारतात हळूहळू मेट्रिक माप शिरलं, आणि मधल्या काळातल्या एकाच गाडीत दोन्ही मापं सापडतात. ५/१६ इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. त्या भोकात ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट घाला. पहिला-दुसरा फेरा हातानेही जातो, मग अडतो. इथे शहाणा माणूस थांबतो, बोल्ट काढून आट्याला गेज लावतो. घाईतला माणूस पान्याला पाइप लावतो. बोल्ट आत जातो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधला आटा खरडून जातो. त्या दिवशी काही कळत नाही. नट थोडा ढिला होतो, तेल झिरपायला लागतं, मग गिअरबॉक्स क्रँककेसच्या पाठीवर सूतभर हलायला लागतो, आणि मालकाला पुन्हा तेच ऐकवलं जातं, "जुनी गाडी आहे, असंच चालायचं."

नव्या शतकाच्या सुरुवातीला बुलेटला पाच गिअर आले आणि गिअरचा पाय डावीकडे गेला. २००८-०९ च्या सुमारास युनिट इंजिन आलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये, आणि बॉक्स वेगळा काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचा प्रश्नच मिटला. मधल्या काही वर्षांतला तो पाच गिअरचा सुटा बॉक्स आज बाजारात भाव खातो. बॉक्स म्हणून त्याच्यात खोट नाही. ज्या गाडीसाठी तो आला तिच्यावर तो उत्तम चालतो. खोट आहे ती त्याच्या नावाने मारल्या जाणाऱ्या थापांत.

पहिली थाप वेगाची. "पाचवा गिअर आला की गाडी पळेल." एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. जुन्या बॉक्समध्ये चौथा गिअर एकास एक आहे: क्लचचा शाफ्ट आणि पुढचं स्प्रॉकेट थेट एकमेकांत अडकतात आणि एकाच वेगाने फिरतात. नव्या बॉक्सचा पाचवा गिअरही एकास एकच आहे. सर्वांत वरचा गिअर दोन्हीकडे सारखा. मग वेग वाढणार कुठून? वेग ठरतो तो इंजिनाच्या ताकदीवर, प्रायमरी चेनच्या गुणोत्तरावर आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर. यातलं काहीच बदललं नसेल, तर चौथ्यात जेवढी पळत होती तेवढीच गाडी पाचव्यात पळेल. आकड्यांचं हे साधं तथ्य लपवून पैसे घेणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

पाच गिअरचा खरा फायदा आहे तोही सांगतो, कारण मला वाद जिंकायचा नाही, गाडी वाचवायची आहे. जुन्या बॉक्सचा तिसरा गिअर साधारण १.३६ चा. तिसऱ्यातून चौथ्यात गेलं की इंजिनाचे फेरे एकदम सुमारे २६ टक्क्यांनी खाली येतात. नव्या बॉक्सचा चौथा सुमारे १.२१ चा, म्हणजे वरच्या गिअरमध्ये जाताना पडझड सुमारे १७ टक्केच. खंबाटकी किंवा वरंधा घाट चढताना, मागे माणूस आणि सामान असताना हा फरक जाणवतो. पण तेवढ्यासाठी जुनी गाडी फाडायची गरज नाही. लांब स्ट्रोकचं हे इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढणारं आहे. तिसऱ्यात निवांत घाट चढणं हीच त्याची चाल. ज्याला ती सोसत नाही, त्याने नवी गाडी घ्यावी. बाजारात हव्या तेवढ्या आहेत. जुनी, चालती, अस्सल गाडी फोडून तिच्यातून नवीचं सोंग उभं करण्यात कसला शहाणपणा?

आता त्या 'संपलेल्या' बॉक्सकडे येतो. तक्रार कायम एकच असते: गिअर सटकतो, मधेच न्यूट्रल पडतं, खाडकन आवाज येतो. गॅरेजमधलं उत्तरही एकच असतं. तपासणी मात्र कुणी करत नाही, म्हणून ती इथे क्रमाने लिहितो.

आधी क्लच. क्लचचा पुशरॉड मेनशाफ्टच्या पोकळीतून आरपार जातो. त्याला ढील नसेल तर क्लच अर्धवट धरलेला राहतो. ढील जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि न सुटलेल्या क्लचवर गिअर बदलला की खाडकन वाजणारच. मग लिव्हर दाबून किक फिरवा आणि प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलते का ते डोळ्यांनी पाहा. एका बाजूने उचलत असेल तर गिअरबॉक्सचा काही दोष नाही. मग प्रायमरी चेन. बुलेटचा बॉक्स क्रँककेसच्या पाठीला घट्ट बसवलेला असतो, इतर कित्येक ब्रिटिश गाड्यांसारखा मागे-पुढे सरकवता येत नाही. म्हणून चेनच्या खाली दाबपट्टी दिली आहे आणि ताण तिच्याने साधायचा. चेन सगळ्यात घट्ट असेल त्या जागी साधारण ६ मिलिमीटर खाली-वर खेळली पाहिजे. ही पट्टी वर्षानुवर्षं न पाहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत: चेन झोळीसारखी लोंबते, आतल्या भिंतीवर घासते, आणि शिव्या खातो गिअरबॉक्स.

मग मागचं चाक. त्याच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात. इंजिनाचा धक्का पचवण्याचं काम त्यांचं. हे रबर वाळून खडखडीत झालं की प्रत्येक हिसका थेट दात्यांवर जातो. गाडी गिअरमध्ये ठेवून मागचं चाक हातांनी मागे-पुढे हलवा, ढिलेपणा लगेच कळतो. नवे ठोकळे गिअरबॉक्सच्या किमतीच्या किती खाली येतात ते कुठल्याही स्पेअरच्या दुकानात विचारा.

आणि शेवटी ती गोष्ट, जिच्यावर हा सगळा बाजार उभा आहे. गिअरबॉक्सचं उजवीकडचं बाहेरचं झाकण काढलं की पायाच्या लिव्हरमागची रॅचेटची यंत्रणा दिसते. तिथे एक छोटी थांबपट्टी आहे, दोन नटांवर धरलेली. लिव्हर वर किती जाईल आणि खाली किती, हे ही पट्टी ठरवते. ती किंचित सरकली की वरच्या बाजूला चाल जास्त होते, खालच्या बाजूला कमी पडते, गिअर पूर्ण भिडत नाही आणि दोन गिअरच्या मधे न्यूट्रल पडतं. उपाय असा: दोन्ही नट सैल करा, पट्टी केसभर सरकवा, नट आवळा, मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर टाकून पाहा, चुकलं तर पुन्हा. वर जाताना आणि खाली येताना लिव्हरचा स्पर्श सारखा लागेपर्यंत हे करायचं. सुटा भाग एकही लागत नाही. लागतो तो पाना, उजेड आणि धीर. दुपारभराचं हे काम टाळण्यासाठी अख्खा बॉक्स भंगारात जातो, याची मला चीड येते.

बॉक्स खरोखर झिजलेलाही असू शकतो. त्याची ओळखही ठरलेली आहे. एका गिअरला दुसऱ्यात अडकवणारे जे दांडगे दात असतात त्यांच्या कडा गोल झाल्या, की ओढ पडताच गिअर बाहेर फेकला जातो. पट्टी कितीही सरकवा, उपयोग होत नाही. अशा वेळी बॉक्स खोलावा, बुश आणि बेअरिंग बघावी आणि एकमेकांवर चालणारे गिअर जोडीने बदलावेत. इथेही आपल्याकडे अर्धी कामं चालतात. झिजलेल्या गिअरसमोर एकच नवा गिअर घालतात. नव्याचे दाते सरळ, जुन्याचे खाल्लेले. दोघे कधीच पूर्ण भिडत नाहीत, आणि जुना नव्याला आपल्यासारखा करून सोडतो. तोही गिअर वेगळ्या सालच्या बॉक्समधून काढलेला असला, तर मग विचारूच नका. शेजाऱ्याचा चष्मा नाकावर बसतो, म्हणून त्यातून नीट दिसतं असं नाही.

चुकीच्या जोडणीचा परिणाम मी अगदी जवळून पाहिला आहे. ओळखीच्या एका काकांनी सत्तरच्या दशकातली आपली बुलेट माझ्याकडे आणली. शहरातल्या एका गॅरेजने तिला पाच गिअरचा, उजव्याच पायाचा बॉक्स घातला होता. काका म्हणाले, "अरे, गिअर छान पडतात, पण साठच्या पुढे गेलं की डावीकडून दळण दळल्यासारखा आवाज येतो. ते म्हणतात, चेन नवी आहे, बसेल हळूहळू." जुन्या बुलेटच्या प्रायमरीचं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. तो नट सोडला आणि झाकणाबरोबर राखाडी, चमचमणारं तेल बाहेर आलं. बोटावर घेऊन चोळलं तर कणी लागली. ती कणी म्हणजे धातू. इंजिनाच्या स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने आरशासारखे चकाकत होते आणि दुसऱ्या अंगाने काळे होते. चेनच्या आतल्या पट्ट्यांवर घासल्याचे सरळ ओरखडे होते. पोलादी पट्टी दोन्ही स्प्रॉकेटांच्या तोंडावर आडवी धरली. क्लचच्या बाजूला ती टेकली, इंजिनाच्या बाजूला खाली नख जाईल एवढी फट राहिली. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नव्हतेच. क्लच काढला, तर त्याच्यामागे हाताने कापलेला पत्र्याचा वायसर होता. कुणीतरी फट पाहिली होती, ती मोजायची तसदी घेतली नव्हती, आणि पत्रा घालून झाकण लावून टाकलं होतं.

चूक कशाची होती ते नीट पाहा. बॉक्स चांगला होता, चेन नवी होती, क्लचही ठीक होता. प्रत्येक भाग एकेकटा निर्दोष आणि सगळे मिळून घातक. दुपदरी चेन वाकडी पळाली की झीज दाते आणि रोलरांपुरती राहत नाही. बाजूचा दाब बेअरिंगवर जातो. अल्टरनेटरचा रोटरही क्रँकच्या त्याच टोकावर असतो. तिकडची बेअरिंग सैल पडली की रोटर स्टेटरला घासण्यापर्यंत मजल जाते. एका पत्र्याच्या वायसरने इंजिनाच्या पोटापर्यंत वाट काढली असती. काकांना मी विचारलं, "मूळ बॉक्स कुठे आहे?" ते म्हणाले, "त्यांनीच ठेवून घेतला. जुना होता म्हणून बिलात काही कमी केलं." त्या 'कमी केलं' या दोन शब्दांत गाडीचा अर्धा इतिहास विकला गेला होता, आणि तो बॉक्स बहुधा दुसऱ्या कुणाच्या गाडीत 'ओरिजिनल' म्हणून चढला असेल. दोन्हीकडून कमाई. हा व्यवहार मला चोरीपेक्षा वेगळा वाटत नाही.

डाव्या पायाचा बॉक्स घालतात तेव्हा तर प्रकरण जिवावर येतं. जुन्या बुलेटमध्ये मागचा ब्रेक डाव्या पायाला आणि मागचा ड्रमही डावीकडेच, स्प्रॉकेटसकट. पेडलपासून ड्रमपर्यंत ब्रेकचा रॉड एकाच बाजूने सरळ जातो. गिअर डावीकडे आणला की ब्रेकचं पेडल उजवीकडे न्यावं लागतं आणि ओढ मात्र डावीकडे पोचवावी लागते. कंपनीने हे केलं तेव्हा पेडल, आडवा दांडा, फूटरेस्ट, सगळं त्याबरोबर नव्याने बसवलं. आपला वेल्डर काय करतो? फ्रेमच्या खालच्या नळीला एक तुकडा चिकटवतो, त्यातून सळी घालतो, दोन्ही टोकांना लिव्हर जोडतो. त्या सळीला पीळ बसतो का, लिव्हरची लांबी किती हवी, वेल्डिंग पावसात गंजून सुटलं तर काय, हे प्रश्नच त्याला पडत नाहीत. मागच्या ब्रेकची सगळी मदार त्या टाक्यावर राहते. शिवाय उजव्या पायाने गिअर टाकायची सवय असलेल्या माणसाचा पाय आणीबाणीत जुन्याच जागी जातो. समोर अचानक म्हैस आली आणि ब्रेक समजून गिअरचा लिव्हर दाबला, तर बॉक्स बदलणारा तिथे हात धरायला येणार नाही.

मग येतात स्प्रॉकेटचे खेळ. मागचं स्प्रॉकेट ३८ दात्यांचं, ब्रेक ड्रमबरोबर एकाच तुकड्यात. ते सहज बदलता येत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा पुढच्यावर. १६ दात्यांच्या जागी १८ दात्यांचं लावलं की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ११ टक्क्यांनी उतरतात, गाडी हायवेवर शांत वाटते. पण चाकावरची ओढही त्याच मापाने घटते. पहिल्या गिअरमध्ये क्लच जास्त वेळ घासत गाडी सुटते आणि महिन्या-दोन महिन्यांत क्लच प्लेटांना दोष दिला जातो. हा बदल निदान मागे फिरवता येतो आणि फ्रेमला हात लावत नाही, म्हणून तो विचारपूर्वक केला तर माझी तक्रार नाही. पण हे पुढचं स्प्रॉकेट क्लच आणि प्रायमरी खोलल्याशिवाय हाती लागत नाही. एवढं सगळं उघडलेलं असताना चेनची रेषा, रबर, दाबपट्टी काहीच न बघता फक्त दाते वाढवून झाकण लावणाऱ्याला काय म्हणायचं?

हे दुखणं बुलेटपुरतं नाही. एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेली यामाहा आरएक्स १०० घ्या. ९८ सीसी, चार गिअर. नंतर आरएक्स १३५ आली, १३२ सीसी, तिची पाच गिअरचीही आवृत्ती निघाली. दोन्हींचा स्ट्रोक ५० मिलिमीटरच; बोअर एकीचा ५०, दुसरीचा ५८. घराणं एक, चेहरा एक, म्हणून शंभरच्या टाकीखाली १३५ चं इंजिन चढवून ती 'ओरिजिनल शंभर' म्हणून चढ्या भावाने विकतात. आरसी बुकात ९८ सीसी, रस्त्यावर १३२. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात काढलेल्या जावा आणि येझदी गाड्यांचीही अशीच खिचडी झाली आहे. त्यांत गिअर बदलताना क्लच आपोआप सुटण्याची सुंदर व्यवस्था आत दिलेली आहे. ती जुळवता येत नाही म्हणून कित्येक मेकॅनिक ती सरळ निकामी करून ठेवतात, आणि मालकाला ती गाडीत होती हेही कळत नाही.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातल्या आणि कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर त्याची रीतसर परवानगी आणि नोंद लागते. आणि जुलै २०२१ पासून केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचं ५ हजार. अट स्पष्ट आहे: गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे आजोबांची साठच्या दशकातली बुलेट आज सरकारदरबारी वारसा म्हणून नोंदवता येते. त्याच गाडीच्या फ्रेमला पेडलसाठी तुकडा डकवलात, की तुम्ही तो हक्क स्वतःच्या हाताने धोक्यात घातलात. हे गॅरेजवाला सांगत नाही. त्याने सांगायलाच हवं.

यावर ठरलेली उत्तरं मला मिळतात. "जुने पार्ट मिळत नाहीत हो." बुलेटच्या बाबतीत हे खोटं आहे. चार गिअरच्या बॉक्सचे भाग दिल्लीच्या करोल बागेतून येतात, शहराशहरांतल्या जुन्या बाजारांत सापडतात. त्यातला बराच माल हलका असतो हे खरं, म्हणून तर तो घेताना व्हर्निअर जवळ ठेवायचा आणि मोजून घ्यायचा. मोजायची सवय नसणं आणि माल नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं उत्तर: "कंपनीनेच पुढे पाच गिअर दिले, मग आम्ही दिले तर काय बिघडलं?" कंपनीने गिअर बदलला तेव्हा त्याच्याभोवतीचं सगळं बदललं. तुम्ही मधला एक तुकडा उचलून आणलात आणि बाकीच्यांना म्हणालात, सांभाळून घ्या. यंत्र सांभाळून घेत नाही. तिसरं उत्तर: "गाडी माझी, पैसे माझे." बरोबर आहे. पण गाडी विकताना तुम्ही ती 'ऑल ओरिजिनल' म्हणून विकता, तेव्हा पैसे दुसऱ्याचे असतात. आणि तिच्या ब्रेकसमोरून रस्ता ओलांडणारं पोर तर कुणाचंच ग्राहक नसतं.

रोज कामावर जायला गाडी वापरणाऱ्याशी माझं भांडण नाही. नव्वदच्या दशकातली, आधीच दहा हातांतून गेलेली बुलेट असेल, तिला संपूर्ण आणि योग्य जोडणीसह पाच गिअरचा बॉक्स घालायचा असेल तर घाला. पण फ्रेम कापू नका, तिला काही चिकटवू नका. मूळ बॉक्स ग्रीस लावून, कापडात गुंडाळून घरातच ठेवा. काय बदललं, कधी बदललं, कुठल्या सालच्या गाडीतून आणलं हे वहीत लिहा आणि गाडी विकताना ती वही आणि तो बॉक्स दोन्ही द्या. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर त्याची वाट बंद होता कामा नये. एवढी शिस्त पाळणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ बॉक्ससकट उभ्या असलेल्या गाडीला हात लावताना हीच मोकळीक मी देणार नाही, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांनीही देऊ नये. तुमच्या मेळाव्यात बक्षिसं टाकीच्या चकाकीला मिळतात. परीक्षकाने एकदा तरी वाकून ब्रेकचा रॉड कुठून कुठे जातो ते पाहावं, लिव्हर कुठल्या पायाला आहे ते पाहावं, सळीचा जोड दिसला तर गाडी त्या गटातून बाद करावी. अशी एक-दोन बक्षिसं गेली की वेल्डिंगचा हा उत्साह आपोआप आटोक्यात येईल. आणि ज्या थोड्या वयस्क मिस्त्रींच्या बोटांना अजून ती थांबपट्टी ओळखीची आहे, त्यांच्या हाताखाली पोरं ठेवा, त्यांना दुपारभराच्या कामाचे नीट पैसे द्या. बॉक्स बदलण्याचे मोठे पैसे खळखळ न करता मोजायचे आणि जुळवण्याच्या मजुरीत घासाघीस करायची, असं मालकच वागतात. म्हणून तर मिस्त्रीही बदलायला शिकला. या पापात मालक सारखा वाटेकरी आहे.

तेव्हा मालकांनो, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "काका, बॉक्स बदलावा लागेल," तर त्याला चार प्रश्न विचारा. क्लच पूर्ण सुटतो का पाहिलंत? प्रायमरी चेनची ढील मोजलीत? मागच्या हबची रबरं बघितलीत? थांबपट्टी सरकवून पाहिलीत? चारांची उत्तरं मिळाली आणि झिजलेले दात त्याने तुमच्यासमोर काढून दाखवले, तर तो कारागीर आहे. त्याच्याकडून तोच बॉक्स बांधून घ्या. उत्तरं मिळाली नाहीत, तर वाद घालत बसू नका. गाडी स्टँडवरून काढा आणि ढकलत का होईना, घरी आणा.